हजेरीपटावरचं नाव

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक जुनी रीत आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीचा दर पाच वर्षांनी एक अहवाल निघतो, लाल बांधणीचा. त्यात ज्यानं त्यानं आपली खबरबात स्वतःच लिहून पाठवायची: पत्ता, व्यवसाय, जोडीदार, मुलं, मानसन्मान, आणि वाटलंच तर मन मोकळं करणारे चार परिच्छेद. १९६२ च्या तुकडीला २०१२ मध्ये पन्नास वर्षं झाली. त्या वर्षीच्या अहवालात एका वर्गबंधूनं व्यवसायाच्या रकान्यात ‘कैदी’ असं लिहिलं आणि मानसन्मानाच्या रकान्यात आठ जन्मठेपा नोंदवल्या, त्या देणाऱ्या कोर्टाच्या नावासकट आणि १९९८ या सालासकट. हा थिओडोर कझिन्स्की. सोळाव्या वर्षी हार्वर्डला आलेला गणिती. पुढे मोंटानाच्या रानात खोपट बांधून एकटा राहिलेला. १९७८ ते १९९५ या काळात बाँब पाठवून आणि पेरून तिघांचे जीव घेणारा आणि तेवीस जणांना जखमी करणारा. अहवाल तुकडीच्या हातात पडला, वर्तमानपत्रांत गहजब झाला आणि माजी विद्यार्थी संघाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण ती दिलगिरी मोठी नेमकी होती. जो जो मजकूर पाठवतो त्याला अहवालात जागा मिळते, ही गोष्ट संघानं मागे घेतली नाही. माफी मागितली ती त्या शिक्षांचा उल्लेख छापल्याबद्दल आणि त्यानं कुणाचं मन दुखावलं असेल त्याबद्दल.

एखाद्या खुन्याच्या कुत्सित विनोदावर इतका विचार कशाला करायचा, असं कुणी म्हणेल. मला मात्र त्या रकान्यांत एक जुना प्रश्न उघडा पडलेला दिसतो. वर्गबंधू म्हणून माणसाला जे स्थान असतं ते कशाच्या जोरावर? तुकडी ही गोष्टच चमत्कारिक आहे. मित्र आपण निवडतो. नातेवाईक रक्तानं मिळतात आणि त्यांच्या मागे धर्मशास्त्र, कायदा, वारसाहक्क असे पहारेकरी उभे असतात. वर्गबंधू ना निवडलेला, ना जन्मानं लाभलेला. त्याच जूनमध्ये त्याच दारातून आत आला, आडनावामुळे हजेरीपटावर आपल्या आगेमागे पडला, त्याच क्रमानं प्रॅक्टिकलला आपल्याच टेबलावर आला, एवढीच या नात्याची पुंजी. पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी एवढ्या भांडवलावर हॉल घ्यायचा, टी-शर्ट छापायचे, शिकागो आणि सिडनीहून माणसं गोळा करायची, हे तर्काला धरून दिसत नाही. माझं म्हणणं असं, की या नात्याचा मोठेपणा त्याच्या या कर्तृत्वशून्य पायातच आहे. वर्गबंधूपण कमवता येत नाही, म्हणूनच ते घालवताही येत नाही. आयुष्यात बाकी जवळजवळ सगळीकडे आपली जागा आपल्याला रोज नव्यानं सिद्ध करावी लागते. तुकडीत ती एकदाच मिळते आणि राहते. स्नेहमेळावा भरवणाऱ्यांनी हे ओळखलं तर त्या खर्चाला अर्थ आहे. नाही ओळखलं, तर तो गुणगौरव समारंभ होतो, आणि तसे समारंभ आपल्याकडे आधीच उदंड आहेत.

धर्मग्रंथांनी या नात्याकडे तसं दुर्लक्षच केलं आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला जो उपदेश आहे त्यात आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानायला सांगितलं आहे; बारा वर्षं शेजारी बसलेल्याचं नाव त्या यादीत नाही. ऋषिऋण अध्ययनानं फिटतं, पण सहाध्यायाचं म्हणून काही ऋण असतं असं कुणी सांगितलेलं नाही. जे शास्त्रानं सोडलं ते कथेनं मात्र उचललं. आदिपर्वात द्रुपद हा पांचालराज पृषताचा मुलगा आणि द्रोण भरद्वाजांचा. बापांची मैत्री, म्हणून राजपुत्र रोज आश्रमात यायचा. दोघं एकत्र शिकले, एकत्र खेळले. पुढे एक गादीवर बसला आणि दुसऱ्याच्या घरी दुधाचा थेंब नव्हता. अश्वत्थाम्याला पाण्यात कालवलेलं पीठ दूध म्हणून पाजून इतर पोरं हसली तेव्हा द्रोण उठला आणि द्रुपदाच्या दरबारात जाऊन त्यानं मित्र म्हणून हाक मारली. द्रुपद म्हणाला, मैत्री काळाबरोबर झिजते; तेव्हा होती ती गरजेपुरती; मैत्री व्हायची तर बरोबरीच्यांत, राजाची आणि दरिद्र्याची नाही. ही कथा सांगताना द्रुपदाच्या उन्मत्तपणावर बोट ठेवलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्याहून जास्त खुपतं ते द्रोणाचं उत्तर. अर्जुनाकरवी त्यानं द्रुपदाला बांधून आणवलं, अर्धं राज्य काढून घेतलं आणि सांगितलं की आता आपण बरोबरीचे झालो, आता मित्र होऊ. म्हणजे ज्या तत्त्वानं अपमान झाला तेच तत्त्व त्यानं शिरोधार्य मानलं. फक्त आपल्या बाजूचं पारडं जड करून घेतलं. द्रुपदानं मग सूडासाठी यज्ञ मांडला, त्यातून धृष्टद्युम्न आणि द्रौपदी आले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्गबंधूंची एक फसलेली भेट कुरुक्षेत्रापर्यंत जाऊन पोचली.

दुसरी भेट भागवताच्या दशम स्कंधातली. सुदामा हे नाव तिथे येतच नाही, नुसता ‘एक ब्राह्मण’ आहे. नाव परंपरेनं दिलं. बायकोनं शेजारपाजारच्या ब्राह्मणांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून तो द्वारकेला जातो. कृष्ण त्याचे पाय धुतो, पलंगावर बसवतो, घरसंसाराची चौकशी करतो आणि मग सगळं बोलणं वळवतो ते सांदीपनींच्या घराकडे. गुरुपत्नीनं सरपण आणायला पाठवलं होतं, अवेळी पाऊस कोसळला, अंधारात वाट चुकली, एकमेकांचा हात धरून दोघं रात्रभर रानात भटकले आणि उजाडता गुरू शोधत आले, ती हकिकत कृष्ण स्वतः सांगतो. त्या रात्री कोण यदुवंशाचा आणि कोण कफल्लक, याला काही अर्थ नव्हता. दोघंही सारखेच भिजले होते. आपल्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नसलेल्या पाहुण्याला कृष्णानं बोलायला अशी एक गोष्ट दिली, जिच्यात दोघांचा वाटा नेमका सारखा होता. मदत झाली, पण ती पाहुणा घरी पोचल्यावर, न मागता आणि न सांगता. समोरासमोर असताना तिचा उल्लेखसुद्धा नाही. यावर कुणी म्हणेल की कृष्ण देव होता, त्याला जमलं. पण यात देवपण लागतं कुठे? समोरच्याला ज्यात कमीपणा येणार नाही असा विषय आधी काढायचा, एवढंच तर आहे.

आता आपल्याकडच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात काय होतं ते पाहा. दीपप्रज्वलन होतं, दिवंगतांची नावं वाचून दोन मिनिटं सगळे उभे राहतात, आणि मग माईक फिरू लागतो. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि ‘सध्या काय करतो’ ते सांगायचं. पहिला उभा राहतो तो कुठल्याशा कंपनीचा उपाध्यक्ष. मुलगा अमेरिकेत, मुलगी आर्किटेक्ट. दुसऱ्याचं हॉस्पिटल. तिसऱ्यानं नुकतीच मुदतपूर्व निवृत्ती घेतलेली आहे आणि आता तो ट्रेकिंग करतो. माईक जसजसा मागच्या रांगांकडे सरकतो तसतसे ज्यांचा कारखाना बुडाला, ज्यांचा मुलगा गेला, ज्यांचं लग्न मोडलं, ते पाणी प्यायला बाहेर जातात. ‘सध्या काय करतोस’ हा प्रश्न दिसायला साधा आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडं नसतं. पण व्यासपीठावरून, ओळीनं, सगळ्यांसमोर विचारला की तो द्रुपदाचा प्रश्न होतो: तू आज माझ्या बरोबरीचा आहेस का? हार्वर्डच्या अहवालातले रकानेही याच जातीचे. कझिन्स्कीनं, हेतू कितीही विकृत असो, त्या रकान्यांची खोड चव्हाट्यावर आणली. मानसन्मान विचारलात ना, घ्या माझे.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो ॲरिस्टॉटलच्या तोंडून ऐकलेला बरा, कारण त्यानं नैतिकतेवरच्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न सरळ हाताळला आहे. लहानपणचे दोन मित्र. एक वाढला, दुसरा बुद्धीनं तिथेच राहिला. दोघांना आता एकाच गोष्टीत आनंद वाटत नाही आणि एकाच गोष्टीचं दुःख होत नाही. त्यांची मैत्री टिकेल कशी? ॲरिस्टॉटलचं उत्तर आहे की टिकणार नाही. तरी जुन्या सहवासाची आठवण ठेवावी आणि परक्याहून थोडं अधिक काही त्या मित्राला द्यावं. मात्र तो एक अपवाद करतो: तुटण्याचं कारण पराकोटीचा दुष्टपणा असेल, तर हे देणंही उरत नाही. मग ज्याच्या हाताला तीन माणसांचं रक्त लागलं आहे त्याचं नाव तुकडीच्या अहवालात राहावं असं म्हणणं, हा त्या तिघांच्या घरच्यांचा अपमान नाही का? मला वाटतं ॲरिस्टॉटल बरोबर आहे, पण तो मैत्रीविषयी बोलतो आहे आणि तुकडी म्हणजे मैत्री नव्हे. कझिन्स्कीला कुणी पत्र लिहावं, भेटावं, क्षमा करावी, असं तुकडीचं कुठलंच देणं नव्हतं. तो १९५८ मध्ये तुकडीबरोबर आत आला आणि १९६२ मध्ये बाहेर पडला, एवढं मान्य करणं हेच देणं होतं, कारण ते खरं होतं. स्थान आणि सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव राहू द्यावं आणि गौरवाच्या रकान्यातली थट्टा छापू नये, हा संघाचा उशिरा सुचलेला निवाडा मला तत्त्वाच्या दृष्टीनं चोख वाटतो. नाव पुसणं सोपं असतं, आणि त्यात एक आत्मवंचनाही असते: असला माणूस आमच्यातून निघूच शकत नाही, अशी.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. पन्नास वर्षांनी जो येतो तो तोच माणूस असतो का? शरीर बदललं, मतं बदलली, कधी देश आणि धर्मही बदलला. ज्या पोराबरोबर आपण वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडलो ते पोर आता कुठेच नाही. मग नातं कुणाशी? बौद्ध परंपरेत हा प्रश्न मिलिंद राजानं नागसेन भिक्खूपुढे मांडलेला आहे आणि नागसेनाच्या उत्तरात नेमकं विद्यार्थ्याचंच उदाहरण येतं. उताणं पडलेलं तान्हं मूल आणि आजचा राजा एक नव्हेत, असं मिलिंद म्हणतो. त्यावर नागसेन विचारतो की मग विद्या शिकणारा एक आणि शिकून तयार झालेला दुसराच, असं म्हणायचं का? तसं असेल तर आई कुणाची नाही, गुरू कुणाचा नाही आणि गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. त्याचं म्हणणं, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नसते आणि वेगळीही नसते; प्रवाह अखंड असतो. आत्मा न मानणाऱ्या मताचं हे उत्तर आहे, म्हणून ते मला इथे विशेष उपयोगी वाटतं. माणसाच्या आत न बदलणारं काही असो वा नसो, वर्गबंधूंमधलं नातं त्यावर अवलंबून नाही. मेळाव्यातली ‘तू अजिबात बदलला नाहीस’ ही खोटी स्तुती म्हणूनच मला निरर्थक वाटते. बदललेला असला तरी तो आपलाच आहे. त्यासाठी त्याला तरुण दिसायची गरज नाही.

तिसरा आक्षेप या दोहोंहून जड आहे आणि त्याला मी पुरतं उत्तर देऊ शकेन असं वाटत नाही. तुकडीत कर्तृत्वाशिवाय जागा मिळते म्हणता, पण त्या तुकडीत शिरायलाच केवढी चाळण! आयआयटीची प्रवेशपरीक्षा काय कर्तृत्वाशिवाय पार होते? आणि त्या परीक्षेपर्यंत पोचायला घर, भाषा, जात, पैसा यांच्या किती चाळण्या आधीच लागलेल्या असतात! ज्यांना दारातच अडवलं त्यांच्या दृष्टीनं आतल्यांची ही समता म्हणजे मूठभरांची आपसातली चैन. महाभारतानं ही बाजूही सोडलेली नाही. ज्या द्रोणाला वर्गबंधूनं बरोबरीचा मानलं नाही, त्याच द्रोणानं एकलव्याला वर्गात बसू दिलं नाही, आणि न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून अंगठा मात्र मागून घेतला. वर्गबंधुत्वाचा अभिमान जितका दाट, तितकी कुंपणाबाहेरच्याची जाणीव पातळ, हा धोका खरा आहे. जगभरच्या माजी विद्यार्थी संघांतून एकमेकांच्या मुलांना नोकऱ्या आणि कंत्राटं लावून दिली जातात, तिथे तो प्रत्यक्ष दिसतो. हार्वर्डच्याच विद्यार्थ्यांवर १९३८ मध्ये सुरू झालेला एक प्रसिद्ध दीर्घ अभ्यास आहे. २६८ तरुणांच्या आयुष्याचा मागोवा तो घेत राहिला, आणि म्हातारपणीच्या सुखाचा संबंध पैशापेक्षा नात्यांशी जास्त असतो असं त्यातून पुढे आलं. स्नेहमेळाव्याच्या भाषणांत हा निष्कर्ष हमखास येतो. ते २६८ जण सगळे गोरे पुरुष होते, हे भाषणांत येत नाही. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं त्या अभ्यासाला नंतर जोडली गेली. तुकडीच्या अनुभवावरून माणसाविषयी सिद्धांत मांडताना तुकडी कोणाची होती हे आधी विचारावं लागतं.

तरी या आक्षेपाची दुसरी बाजू आहे आणि ती महाराष्ट्रातच सर्वांत स्पष्ट दिसते. मिलिंद राजाचं नाव डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला दिलं. १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून अशी मुलं आली ज्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलेलं नव्हतं. गावात ज्याची जागा वेशीबाहेर ठरलेली, त्याचं नाव इथे हजेरीपटावर इतरांच्या ओळीत आलं, आणि प्राध्यापकानं क्रमांक पुकारला की ‘हजर’ म्हणण्याचा अधिकार सगळ्यांसारखाच. ज्यांना जन्मानं मानाची जागा मिळालेली असते त्यांना कर्तृत्वशून्य समतेची किंमत कळत नाही. त्यांच्या लेखी तुकडी म्हणजे गंमतजंमत. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी विनाअट जागा मिळाली, त्याला तिची खरी किंमत ठाऊक असते. म्हणून चाळण अन्यायाची असेल तर चाळणीशी भांडावं. आतली समता खोटी ठरवल्यानं बाहेरच्याला काही मिळत नाही. ती आहे म्हणूनच आत येण्यासाठी भांडण्याला मोल आहे.

एवढं मान्य केलं तर मेळाव्याची आखणी हाच नैतिक प्रश्न होतो, आणि त्यात पैशाचा भाग पहिला येतो. पवईच्या आयआयटीत १९९८ च्या तुकडीनं २०२३ मध्ये रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेला ५७ कोटी रुपये द्यायचं ठरवलं; त्याआधीचा विक्रम १९७१ च्या तुकडीचा, सुवर्णमहोत्सवी वर्षातल्या ४१ कोटींचा. या देणग्यांना नाक मुरडण्याचं कारण नाही, आणि त्या तुकडीच्या नावानं दिल्या जातात हे तर फारच योग्य, कारण कोटी देणारा आणि हजार देणारा एकाच नावाखाली येतो. अमेरिकी महाविद्यालयं देणगीच्या रकमेबरोबर तुकडीतल्या किती टक्के लोकांनी दिली हेही मोजतात. त्यामागे त्यांचा व्यवहार असतो, पण त्या मोजणीत एक डॉलरवाल्याचं मत पूर्ण धरलं जातं. बिघाड होतो तो तुकडीच्या आत रकमेप्रमाणे पायऱ्या लावल्या की. लोणावळ्याचं रिसॉर्ट, माणशी पंधरा हजार, ‘ज्यांना शक्य नाही त्यांनी संयोजकांना वैयक्तिक कळवावं’, हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यानं वर्गबंधूला द्रोणाच्या जागी उभं केलेलं असतं. कोण कळवणार आहे? तो ‘त्या तारखेला घरात लग्न आहे’ असं सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा कॉलेजच्याच हॉलमध्ये, सगळ्यांना झेपेल अशा वर्गणीत जेवण ठेवावं, वरचा खर्च ज्यांना द्यायचा आहे त्यांनी द्यावा, आणि कुणी किती दिले ते खजिनदाराशिवाय कुणाला कळू नये.

दुसरा भाग यादीचा, आणि इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. तुकडीतले मुलगे महिन्याभरात सापडतात. मुली सापडत नाहीत, कारण हजेरीपटावर माहेरचं नाव असतं आणि त्या नावाची बाई आज कुठल्याच यादीत नसते. आडनाव बदललेलं, कित्येकींचं लग्नात पहिलं नावही बदललेलं. साठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा बायका दिसल्या की वर्गात मुली कमीच होत्या असं सगळ्यांना वाटू लागतं. वास्तविक त्या वीस होत्या. जुन्या फोटोत मोजता येतात. या शोधाला मेनू ठरवण्यापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा: माहेरच्या गावी विचारावं, भावाचा नंबर काढावा, एकीकडून दुसरीचा माग काढावा. हेच ज्यांनी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं त्यांच्याबाबत. पदवी नाही म्हणून त्यांची नावं संघाच्या दफ्तरात नसतात, पण पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर असतातच. आणि एवढा खटाटोप करून सापडलेली बाई ‘मला यायचं नाही’ म्हणाली, तर कारण विचारायचं नाही, आग्रहाचे फोन करायचे नाहीत, ग्रुपवर तिची चर्चा करायची नाही. स्थान आहे याचा अर्थ हजेरी सक्तीची आहे असा होत नाही. तिचं नाव यादीत ठेवायचं आणि पुढच्या नावाकडे वळायचं.